विंटरथूरची पाटी

जुन्या रेल्वे इंजिनावर दोन तऱ्हेचे आकडे असतात. एक मोठा, दुरून दिसणारा. तो रेल्वेने दिलेला. दुसरा लहान, बाजूला स्क्रूने बसवलेल्या ओतीव पाटीवर. तो कारखान्याने दिलेला. पहिला आकडा मालक बदलला, नियम बदलले की बदलतो. दुसरा इंजिनाच्या जन्माबरोबर येतो. फोटोत पहिला आपोआप येतो. दुसऱ्यासाठी वाकावं लागतं, आणि कधी कधी शेडमधल्या माणसाला विनंती करून तेलाचा थर चिंधीने पुसून घ्यावा लागतो.

मी कल्याणला फोटोग्राफीचा व्यवसाय करते. लग्नं टिपते, कारखान्यांची यंत्रं टिपते आणि सवड मिळाली की वाफेच्या गाड्यांमागे जाते. ज्या गाडीसाठी मी सर्वांत जास्त खर्च आणि धावपळ केली ती आहे निलगिरीची: तमिळनाडूतल्या मेट्टुपालयमहून निघून कुन्नूरमार्गे उदगमंडलमला, म्हणजे उटीला चढणारी. आपल्याकडचे पुष्कळ लोक तिच्यात बसून आलेले असतात. ‘दिल से’ चित्रपटातलं ‘छैया छैया’ याच मार्गावर चित्रित झालं, हेही अनेकांना ठाऊक असतं. ही गाडी बनली आहे कशाची आणि तिचे भाग कुठून आले, हे मात्र बसून आलेल्यांनाही सहसा सांगता येत नाही. मला तेच सांगायचं आहे, कारण ते कळल्यावर माझे फोटो बदलले.

मेट्टुपालयम समुद्रसपाटीपासून ३२६ मीटरवर, उटी २,२०३ मीटरवर, आणि मधलं अंतर ४६ किलोमीटर. एवढ्याशा अंतरात पावणेदोन किलोमीटरहून जास्त उंची गाठायची. या मार्गाची कल्पना पहिल्यांदा मांडली गेली १८५४ मध्ये. म्हणजे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्याच्या पुढच्याच वर्षी. पण गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक चालवून हा डोंगर चढता येत नव्हता. पुढे १८८२ मध्ये निकलाउस रिगेनबाख हा स्विस अभियंता निलगिरीत येऊन पाहणी करून गेला. त्याने १८७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या रिगी पर्वतावर दातेरी पट्टीची रेल्वे चालवून दाखवली होती. निलगिरीत शेवटी बसली ती त्याच्याच देशातल्या दुसऱ्या अभियंत्याची, कार्ल रोमान आब्टची पट्टी. काम १८९१ मध्ये सुरू झालं. मधे कंपनीचं दिवाळं निघालं, दुसरी कंपनी उभी राहिली, आणि १८९९ च्या जूनमध्ये कुन्नूरपर्यंत गाडी पोचली. उटीला पोचायला १९०८ उजाडलं.

मार्गावर २०८ वळणं, १६ बोगदे आणि २५० पूल आहेत. हे आकडे प्रत्येक माहितीपत्रकात सापडतात. मला त्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो तो रुळांच्या मधोमध असलेला पोलादाचा जोडपट्टा. दोन दातेरी पट्ट्या, एकमेकींपासून चार-साडेचार सेंटिमीटरवर, रुळाच्या माथ्यापेक्षा थोड्या उंच. गंमत त्यांच्या दातांत आहे. एका पट्टीचा दात जिथे येतो तिथे दुसऱ्या पट्टीची खाच येते. त्यामुळे इंजिनाखालचं दंतचक्र एका दातावरून सुटायच्या आत दुसऱ्या पट्टीच्या दाताला धरून असतं. पकड कधी सुटत नाही आणि गाडीला हिसके बसत नाहीत. आब्टची खरी बुद्धी इथे आहे. रिगेनबाखची पट्टी शिडीसारखी, पायऱ्या मारलेली. आब्टने दोन पट्ट्या सरकवून बसवल्या आणि चढ गुळगुळीत केला. कल्लार ते कुन्नूर या पट्ट्यात चढ जिथे सर्वांत तीव्र आहे, तिथे साधारण बारा मीटर पुढे जाताना एक मीटर वर जावं लागतं. आपल्या बोरघाटात हेच प्रमाण सदतीसला एक आहे. ही तुलना मी मुद्दाम करते, कारण बोरघाट चढताना मागून जोर लावणारी इंजिनं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना लगेच अंदाज येतो.

कल्लार हे मेट्टुपालयमनंतरचं पहिलं स्थानक. गाडी मेट्टुपालयमहून सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी सुटते, भवानी नदीचा पूल ओलांडते, सुपारीच्या बागांमधून सपाटीवर धावते आणि कल्लारला येऊन हळू होते. इथून दातेरी पट्टी सुरू होते. पट्टीचं पहिलं टोक थोडं दबणारं, स्प्रिंगवर बसवलेलं असतं. इंजिनाचं दंतचक्र त्यावर येतं, दात दाताला शोधतो, आणि मग सबंध गाडी एक बारीक धक्का खाऊन पट्टीवर चढते. हा क्षण कॅमेऱ्यात दिसत नाही. तो ऐकू येतो. म्हणून नव्या फोटोग्राफरला मी सांगते की कल्लारला कॅमेरा खाली ठेव आणि कान दे.

ऐकू काय येतं हे समजायला इंजिनाच्या पोटात शिरावं लागेल. हे एक्स वर्गाचं इंजिन. चाकांच्या चार जोड्या दांड्यांनी एकमेकींना जोडलेल्या आणि मागे आणखी एक लहान जोडी. साध्या वाफेच्या इंजिनाला दोन्ही बाजूंना मिळून दोन सिलिंडर असतात. याला चार आहेत: प्रत्येक बाजूला एकावर एक असे दोन. खालचा सिलिंडर नेहमीसारखा रुळावरची चाकं फिरवतो. वरचा सिलिंडर दातेरी पट्टीवरचं दंतचक्र फिरवतो. सपाटीवर फक्त खालची जोडी चालते आणि तिची वापरलेली वाफ सरळ धुराड्यातून बाहेर जाते. पट्टी लागली की ड्रायव्हर वाफेची वाट बदलतो. बॉयलरमधली जोरकस वाफ आधी खालच्या सिलिंडरांत काम करते, मग उरलेल्या दाबानिशी वरच्या सिलिंडरांत जाते, तिथे दुसऱ्यांदा काम करते आणि मग बाहेर पडते. एकाच वाफेकडून दोनदा काम. दाब कमी झालेली वाफ जागा जास्त मागते, म्हणून वरची जोडी खालच्या जोडीपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने फिरते.

आता आवाजाचा उलगडा होतो. कल्लारपर्यंत धुराड्यातून येणारे हुंकार खालच्या चाकांच्या तालावर असतात. कल्लारनंतर धुराड्याशी बोलतात ते फक्त वरचे सिलिंडर. गाडीचा वेग उतरलेला असतो आणि हुंकार मात्र भरभर येऊ लागतात. डब्यात बसलेल्याला वाटतं, इंजिन घाईला आलं. खरं तर कामाची पाळी बदललेली असते.

हे कळल्यावर मी फोटो काढायची रीत बदलली. पूर्वी मी वाफेच्या इंजिनाचे फोटो वेगवान शटरवर काढत असे, सगळं स्थिर आणि स्वच्छ दिसावं म्हणून. पट्टीवर या गाडीचा वेग माणसाच्या हळू पळण्याइतका, ताशी तेरा किलोमीटरच्या आत असतो. मग मी शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर आणलं, कॅमेरा तिपाईवर घट्ट केला आणि इंजिन बरोबर बाजूने समोरून जाऊ दिलं. फोटोत खालचा दांडा थोडा पुसट आला आणि वरचा दांडा जास्त पुसट. दोन सिलिंडरांचे दोन वेग एका चौकटीत. यंत्र कसं चालतं हे सांगणारा असा फोटो माझ्याकडे दुसरा नाही. मासिकांना तो देताना मी नेहमी खाली चार ओळी लिहून देते, नाहीतर वाचक त्याला हललेला फोटो समजेल.

वाफेबद्दलही थोडं सांगते. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. धुराड्याच्या तोंडाशी हातभर जागा रिकामी दिसते ना, तिथे वाफच असते. पुढे थंड हवेत तिचे थेंब होतात आणि पांढरा लोट दिसू लागतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी लोट मोठा आणि भरदार, तर एप्रिलच्या दुपारी जवळजवळ नाहीच. त्या पांढऱ्या लोटाने कॅमेऱ्याचं मीटर फसतं आणि इंजिनाचा काळा भाग पार बुडतो. मी लोटाचा पोत टिकेल एवढाच प्रकाश घेते आणि काळ्या भागातले तपशील नंतर वर काढते. पांढरं एकदा जळलं की परत मिळत नाही. दरीच्या त्या अंगाला ऊन उशिरा पोचतं. अडरली, हिलग्रोव्ह ही स्थानकं सकाळी बराच वेळ सावलीत असतात. तिथे इंजिन पाणी घ्यायला थांबतं, प्रवासी चहाला उतरतात, आणि चाकाजवळचे फोटो काढायला तेवढाच वेळ मिळतो. सावलीतला मऊ प्रकाश लोखंडाला मानवतो. तेल लागलेला प्रत्येक सांधा वेगळा दिसतो.

आणि त्याच थांब्यांवर मी पाटी शोधते.

तिच्यावरचं नाव जर्मन भाषेत आहे. त्याचा अर्थ स्विस लोकोमोटिव्ह आणि यंत्र कारखाना, विंटरथूर. झुरिकच्या ईशान्येला असलेल्या या गावात चार्ल्स ब्राऊन या इंग्रज अभियंत्याने १८७१ मध्ये हा कारखाना उभारला. डोंगर चढणारी इंजिनं ही त्याची खासियत. निलगिरीची एक्स वर्गाची इंजिनं पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तिथून यायला लागली, १९२५ पर्यंत येत राहिली, आणि शेवटची तुकडी १९५२ मध्ये, स्वातंत्र्यानंतर आली. एकाच आराखड्याची मागणी जवळजवळ चाळीस वर्षं पुन्हा पुन्हा नोंदवली गेली. यंत्राची पारख करणाऱ्यांसाठी याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

विंटरथूर हे नाव मला निलगिरीच्या आधीपासून माहीत होतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये फिटर होते. त्यांच्या बोलण्यात ‘खेकडा’ सारखा यायचा. मुंबई-पुणे मार्गाचं विद्युतीकरण १९२९ मध्ये पुण्यापर्यंत पोचलं, तेव्हा घाटातल्या मालगाड्यांसाठी जी विजेची इंजिनं आणली त्यांना रेल्वेतले लोक खेकडा म्हणत. दोन्ही टोकांना लांब नाक, मध्ये केबिन, सबंध इंजिन सांध्यांत वळणारं, आणि वीज असूनही चाकं वाफेच्या इंजिनासारखी आडव्या दांड्यांनी जोडलेली. एकूण ४१ खेकडे आले. त्यांतले पहिले दहा विंटरथूरच्या याच कारखान्यातले आणि बाकीचे इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीचे. आल्प्समधल्या गोटहार्ड मार्गासाठी याच कारखान्याने बांधलेली विजेची इंजिनं जगभर ‘मगर’ म्हणून ओळखली जातात. आपले खेकडे त्यांचेच भाऊबंद. मी शाळेत होते तेव्हा म्हातारे झालेले खेकडे कल्याणच्या यार्डात डबे ओढताना दिसायचे. अण्णा म्हणायचे, “आधी पाटी वाच बाय, मग इंजिन बघ. कोणी केलंय ते कळलं की कसं केलंय ते दिसायला लागतं.” कुन्नूरला एक्स वर्गाचे जाडजूड दांडे आणि त्यांच्या सांध्यांवरची तेलाची छोटी भांडी पाहताना ते वाक्य मला पटलं. वाफ असो की वीज, ताकद चाकापर्यंत दांड्याने न्यायची आणि सांधा हाताला येईल असा ठेवायचा, ही त्या कारखान्याची शिस्त दोन्हीकडे दिसते. दिल्लीच्या चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक खेकडाही आहे आणि निलगिरीचं एक एक्स वर्गाचं इंजिनही. तिथे जाल तर दोन्हींच्या पाट्या एकाच दिवशी वाचून या.

पाटी वाचल्यावर शोध संपला असं मात्र होत नाही. इंजिनावरचा पाच आकडी नंबर १९५७ च्या अखिल भारतीय क्रमांकनाचा. त्याआधी त्याच इंजिनाला दुसरा नंबर होता. म्हणून जुन्या छायाचित्रातलं इंजिन आणि आजचं इंजिन एकच आहे का, हे नंबरावरून ठरत नाही. बॉयलरची कहाणी आणखी वेगळी. मोठ्या दुरुस्तीला बॉयलर उतरवावा लागतो, त्याला वेळ लागतो, आणि तयार असलेला दुसरा बॉयलर त्याच वर्गाच्या इंजिनावर चढवून ते कामाला लावणं ही वाफेच्या काळातली सगळीकडची रीत. दांडे, जोड, झडपा यांवर फिटर इंजिनाचा नंबर छिन्नीने ठोकतात. एका दांड्यावर मला केबिनवरच्या नंबरापेक्षा वेगळा नंबर ठोकलेला दिसला. कोणत्या तरी थकलेल्या भावंडाचा दांडा इथे कामाला आला होता. अशी खूण दिसली की मी तिचा स्वतंत्र, जवळून फोटो घेते, बाजूने प्रकाश टाकून, म्हणजे ठोकलेल्या अक्षरांची खोली दिसते.

मग तिरुचिरापल्लीचं गोल्डन रॉक वर्कशॉप येतं. दक्षिण भारतीय रेल्वेने १९२० च्या दशकात उभारलेल्या या कारखान्याने नुसती दुरुस्ती करून थांबणं नाकारलं. स्विस इंजिनं थकत चालली, सुटे भाग मिळेनात, तेव्हा २०११ पासून तिथे तेलावर चालणारी नवी एक्स वर्गाची इंजिनं बांधली गेली, आणि २०२१ मध्ये कोळशावर चालणारंही. एकविसाव्या शतकात, सरकारी वर्कशॉपमध्ये, दातेरी पट्टीचं चार सिलिंडरांचं वाफेचं इंजिन नव्याने बांधलं गेलं, याची आपल्याकडे जेवढी बातमी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही असं मला वाटतं. त्या इंजिनांवर नंबर एक्स वर्गाचेच आहेत. दुरून बघणाऱ्याला स्विस कोणतं आणि तिरुचिरापल्लीचं कोणतं हे सांगता येत नाही. जवळ गेलं की सांगता येतं. जुन्या बांधणीत पत्रे रिव्हेटांनी जोडलेले, त्यांच्या गोल डोक्यांच्या रांगा. नव्यात वेल्डिंगच्या सलग शिवणी. पण जुन्या इंजिनावरही दुरुस्तीत वेल्डिंग होतंच, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. दोन-तीन खुणा जुळल्या तरच मी नोंद करते.

तेल आणि कोळसा हा फरकही फोटोत उतरतो. मूळ इंजिनं कोळशाची. या शतकाच्या सुरुवातीपासून काही इंजिनं तेलावर आणली गेली, कारण कोरड्या ऋतूत ठिणग्यांनी जंगलाला आग लागायची भीती आणि चढावर फावडं मारणाऱ्या फायरमनचे हाल. कोळशाच्या इंजिनाचा धूर जड, थरांचा. फायरमनने फावडं मारलं की काळा होतो, थोड्या वेळाने निवळतो. तेलाच्या इंजिनाचा धूर ड्रायव्हरच्या झडपेवर चालतो. जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवले तर लोटाच्या रंगावरून इंधन सांगता येतं, आणि इंधनावरून साधारण काळ.

आता डब्यांकडे. इथे या गाडीचं एक वैशिष्ट्य फोटोग्राफरला गोंधळात पाडतं: मेट्टुपालयमहून चढताना इंजिन मागे असतं. ते ओढत नाही, ढकलतं. कारण साधं. मधली साखळी तुटली तर डबे दरीकडे सुटू नयेत, इंजिन नेहमी उताराच्या बाजूला हवं. त्यामुळे वळणावर समोरून येते ती डब्याची सपाट पुढची बाजू, आणि तिच्या सज्जात उभा असलेला ब्रेक्समन. प्रत्येक डब्याला एक ब्रेक्समन असतो. त्याच्या हाताशी दोन ब्रेक: एक चाकांचा, दुसरा डब्याखालच्या दंतचक्राचा. गाडीच्या सर्वांत पुढे उभा असलेला ब्रेक्समन रस्ता बघतो, हिरवा किंवा लाल झेंडा दाखवतो, त्याच्या मागचा ती खूण आणखी मागे पोचवतो, आणि शेवटी खुणेचा अर्थ पार मागच्या इंजिनात ड्रायव्हरला कळतो. तारा, बटणं, पडदे यांच्याशिवाय अख्खी गाडी माणसांच्या नजरेवर एकमेकांशी बोलते. माझ्या मते या गाडीतला सर्वांत जुना भाग हाच, आणि त्याची कुठे पाटी नाही. इंजिनामागे धावणारे फोटोग्राफर पुढच्या सज्जाकडे पाठ फिरवतात, याचं मला वाईट वाटतं. वळणावर सगळ्या सज्जांतले झेंडे एका रेषेत दिसतील अशी जागा धरा. धूर मागे आपोआप येतो.

डब्याचा जन्म शोधायचा तर टोकाच्या भिंतीवर रंगवलेली बारीक अक्षरं वाचायची. वर्कशॉपचा संकेत, शेवटच्या मोठ्या दुरुस्तीची तारीख आणि पुढच्या दुरुस्तीला परतायची तारीख. ही अक्षरं डबा किती जुना हे सांगत नाहीत, तो शेवटचा कधी उघडला गेला हे सांगतात. खरं वय सांगाड्यात असतं. लाकडी अंगाचे जुने डबे खिडक्यांच्या चौकटींवरून आणि पोलादी अंडरफ्रेमच्या बांधणीवरून ओळखू येतात. अलीकडे चेन्नईतल्या पेरंबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने मोठ्या काचांचे नवे डबे बांधून दिले आहेत. काही रेल्वेप्रेमी त्यांच्यावर नाराज आहेत. मी नाही. प्रवाशांना दरी नीट दिसते, आणि ज्या मार्गावर माणसं रोज चढतात-उतरतात तिथे लाकूड बदलणारच. फक्त जुने डबे मोडीत जाण्याआधी त्यांचे आतले फोटो, कड्या, बिजागऱ्या, बाकांची जोडणी, हे सगळं टिपून ठेवायला हवं. मी ते टिपते आहे.

कुन्नूरला वाफेचं इंजिन सुटतं आणि वर उटीपर्यंत डिझेल लागतं. तिथून दातेरी पट्टी नाही, चढही कमी तीव्र. कुन्नूर स्थानकातून गाडीला आधी मागे सरकून मग उटीकडे वळावं लागतं. खंडाळ्याजवळ बोरघाटातही १९२९ पर्यंत असंच एक उलट फिरण्याचं स्थानक होतं. विद्युतीकरणाबरोबर नवा मार्ग झाला आणि ते बंद पडलं. उटीच्या वाटेवरची केट्टीची दरी सुंदर आहे, पण माझ्या विषयाचं तिथे फारसं काही नाही.

निलगिरीच्या इंजिनांचे नातेवाईक आणखी एका देशात गेले होते. व्हिएतनाममधल्या दा लातच्या डोंगरी मार्गासाठीही विंटरथूरने चार सिलिंडरांची दातेरी इंजिनं बांधली होती. तो मार्ग युद्धात बंद पडला. १९९० मध्ये स्वित्झर्लंडच्या फुर्का घाटातली जुनी रेल्वे पुन्हा उभी करणाऱ्या स्वयंसेवकांनी ती गंजलेली इंजिनं समुद्रमार्गे मायदेशी परत नेली आणि वर्षानुवर्षं खपून त्यांतली काही चालू केली. त्या कामाला मी नमस्कार करते. पण निलगिरीत काही वेगळं घडलं आहे. इथली इंजिनं कधी गंजत पडली नाहीत, ती रोजच्या तक्त्यात राहिली, झिजली, बदलली, आणि बदलता बदलता त्यांची वंशावळ कुन्नूर आणि तिरुचिरापल्लीच्या कारागिरांच्या हाती आली. २००५ मध्ये युनेस्कोने या मार्गाला जागतिक वारशाचा मान दिला तेव्हा दार्जिलिंगच्या गाडीबरोबर हिचं नाव जोडलं गेलं. मान मिळाला तो मार्गाला. त्यातला मोठा वाटा शेडमधल्या फिटरांचा आहे हे मी ठासून सांगते.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. दरडी कोसळतात आणि गाडी दिवसचे दिवस बंद राहते. तिकीट मिळवून बसून जाण्यापेक्षा फोटोसाठी रस्त्याने जाणं बरं, कारण मेट्टुपालयम-कुन्नूर रस्ता काही ठिकाणी रुळाजवळून जातो आणि गाडी इतकी हळू चढते की पुढचं ठिकाण सहज गाठता येतं. रुळावर, पुलावर, बोगद्यात शिरायचं नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि रुळामधल्या पट्टीवर वंगण असतं, पाय घसरतो. शेडमध्ये जायचं तर आधी लेखी परवानगी घ्या, आणि जाताना मागच्या वेळचे छापलेले फोटो घेऊन जा. मोबाइलवर दाखवलेल्या फोटोला माणूस हसून मान डोलावतो. हातात दिलेल्या फोटोवर बोट ठेवून तो बोलायला लागतो. कोणता दांडा कधी बदलला, कोणती झडप गळते, कोणत्या इंजिनाला चढावर जास्त पाणी लागतं, ही माहिती मला अशीच मिळाली. भाषेची अडचण फार येत नाही. फिटरचं बोट आणि माझं बोट एकाच नटावर टेकलं की पुढचं कळतं.

माझ्या प्रत्येक फोटोखाली आता ठरलेली नोंद असते. रेल्वेचा नंबर, कारखान्याची पाटी असल्यास तिच्यावरचा क्रमांक आणि साल, इंधन, वरच्या-खालच्या दांड्यांवरचे ठोकीव नंबर, डब्यांच्या टोकावरच्या तारखा, ठिकाण, वेळ. ब्रेक्समनने परवानगी दिली तर त्याचं नावही. नोंदवहीत एक रकाना अजून मोकळा आहे. डब्याखालचं ब्रेकचं दंतचक्र गाडी रुळावर असताना नीट दिसत नाही. डबा दुरुस्तीसाठी जॅकवर उचलला जातो तेव्हाच त्याच्या दातांची झीज टिपता येते. त्यासाठी मी अर्ज केला आहे. परवानगी आली की वाइड लेन्स, दोन छोटे दिवे आणि अंगाखाली घ्यायला जुनी ताडपत्री घेऊन निघणार आहे.